परप्रांतातून आलेल्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना शाळेने आधार कसा द्यावा?

तुम्ही विचारलंय की निर्वासित किंवा परप्रांतातून आलेल्या घरांतली मुलं शाळेत येतात, त्यांना आपली भाषा येत नाही, आईबापांशी धड बोलणं होत नाही, तर शिक्षकांनी काय करायचं. मी गोव्यात फोंडा तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते, आता रिटायर. निर्वासितांचं म्हणाल तर आपल्या देशाने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही, आणि गोव्याला त्यातले जवळचे म्हणजे घाट चढून गेल्यावर कर्नाटकातल्या मुंडगोडचे तिबेटी, ते काही माझ्या वर्गात आले नाहीत. माझ्या वर्गात आली ती लमाणी, कन्नड, बिहारी, ओडिया, नेपाळी मुलं. त्यांच्याबद्दल बोलते.

आधी एक सांगून टाकते, 'ह्या घाट्यांनी आमच्या शाळा बिघडवल्या' असं कोणी म्हटलं (घाटी म्हणजे गोव्यात बाहेरून आलेल्यांना हिणवायचा शब्द) की माझं डोकं फिरतं. गावातली मुलं इंग्रजीकडे आधीपासूनच चालली होती, त्यात २०११ साली सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं, मग काय विचारता. माध्यमाच्या आंदोलनात मराठीसाठी घसा फोडणारे आमच्या गावातले दोघेतिघे मला नावानिशी माहीत आहेत, नातवंडं कुठल्या शाळेच्या बसमध्ये चढतात तेही माहीत आहे. आमच्या शाळेचा पट टिकला तो बांधकामावरच्या आणि इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या कामगारांच्या पोरांवर. ती नसती तर शाळेला केव्हाच कुलूप लागलं असतं आणि हेड टीचरची खुर्चीही गेली असती. पण हे हेड टीचरना कोण सांगणार!

तर झालं असं. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक माणूस मुलीला घेऊन आला, गदगच्या बाजूचा, कुंडईकडे बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली. मुलगी नऊ वर्षांची, घरात लमाणी, गावच्या शाळेत कन्नड शिकलेली, हिंदी दुकानापुरती. हेड टीचर म्हणाल्या टीसी आणा, जन्मदाखला आणा, मग बघू, आणि घेतलीच तर पहिलीत बसेल कारण अक्षर येत नाही. तो बिचारा दाराबाहेरच उभा, पायाला सिमेंट, म्हणतो मॅडम, सेठ छुट्टी नहीं देता. टीसी आणायला गदगला जायचं म्हणजे त्याची किती दिवसांची मजुरी बुडणार? मी म्हटलं, बाई, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ बघा, टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. आणि कलम ४, मूल वयाप्रमाणे वर्गात बसवायचं, मागे असेल तर जादा शिकवून बरोबरीला आणायचं, तो त्याचा हक्क आहे. त्यावर उत्तर काय, 'म्हाका कायदो शिकवूं नाका.' आणि तो माणूस गेल्यावर, 'हांगा घाट्यांचीच शाळा जातली आतां', म्हणजे इथे आता घाट्यांचीच शाळा होणार. बरीच वादावादी झाली, पण मुलीला घेतलं, आणि चौथीत घेतलं.

खरी मजा पुढेच. पहिल्या चाचणीत हेड टीचरनी तिच्या गणिताच्या पेपरवर लाल फुल्या मारून तो स्टाफरूममध्ये माझ्या पुढ्यात टाकला, घ्या तुमची चौथी. मी घरी नेऊन नीट बघितला. गणित होतं १३ अधिक २१, आणि पोरीने उत्तर लिहिलेलं एकशे बावीस, तेही इंग्रजी आकड्यांत. हे आलं कुठून म्हणून बघते तर ती आपल्या १ ला इंग्रजीतला नऊ समजत होती! मग १३ झाले त्र्याण्णव, २१ झाले एकोणतीस, आणि त्यांची बेरीज होते बरोबर एकशे बावीस. हातचा अगदी जागच्या जागी लिहिलेला. आमच्या वर्गातल्या गावच्या अर्ध्या पोरांना हातचा म्हणजे काय ते तोवर कळलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जुन्या कालनिर्णयाची पानं कापून प्रत्येक आकड्याशेजारी पेनाने इंग्रजी आकडा लिहिला आणि भिंतीवर चिकटवला, विषय संपला. तो पेपर मी हेड टीचरच्या टेबलावर ठेवून आले. त्यावर त्या आजतागायत काही बोललेल्या नाहीत.

म्हणून म्हणते, उत्तर चुकलं की आधी मूल काय वाचतंय ते विचारा. 'आधी मराठी येऊ दे, मग धडा' हा प्रकार बंद करा, त्यात वर्ष जातं आणि मूल शाळा सोडतं. लमाणी मुलांना तर मराठी फार जड जात नाही, त्यांची बोली मुळात राजस्थानी-गुजरातीच्या गोतावळ्यातली. कन्नड घरातलं मूल वेळ घेतं. पण दोघंही मैदानावर कोकणी आधी उचलतात, ती बोलली की ओरडू नका, त्यातूनच मराठी येते. शेजारी त्याच भाषेचं एक मोठं मूल बसवा, मात्र ते मूल कायमचं दुभाषी करून टाकू नका, त्यालाही शिकायचंय.

पालकांचं म्हणाल तर बुधवारी सकाळी अकराला मीटिंग लावायची आणि कोणी आलं नाही की 'ह्यांना पोरांचं काही पडलेलं नाही' म्हणायचं, हे आमच्याकडे दर वर्षी. दिवसाची मजुरी सोडून कोण येणार? मी रविवारी संध्याकाळी बोलवायला लागले. वहीतली चिठ्ठी त्यांना वाचता येत नाही, व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज ऐकता येतो. इस्टेटजवळच्या गाळ्यावर कन्नड येणारा एक दुकानदार होता, महत्त्वाचं काही असलं की त्याच्याकडून रेकॉर्ड करून घ्यायचे. आणि गावी जत्रेला किंवा पेरणीला कुटुंब जातं तेव्हा लगेच पटावरून नाव कापू नका, परत कधी येणार ते विचारून ठेवा, बहुतेक येतात.

आता हेही सांगायला हवं की सगळ्या शाळा अशा नसतात, मी चांगल्या हेड टीचरसुद्धा बघितल्यात. चार भाषांचा वर्ग एकट्या शिक्षकावर असेल तर माझ्या ह्या गोष्टी ऐकून त्याला राग येईल, आणि तो बरोबरच असेल, जादा शिकवणीला माणूस सरकारनेच द्यायला हवा. ज्यांना कन्नडमधूनच शिकवायचंय त्यांच्यासाठी वास्कोच्या बाजूला कन्नड शाळा आहेत, पण फोंड्याच्या साइटवरच्या माणसाला त्याचा काय उपयोग. आणि खऱ्या निर्वासित मुलांबद्दल एवढंच की शिक्षण हक्क कायद्यात मूल म्हणजे सहा ते चौदा वर्षांचं कोणतंही मूल, नागरिकत्वाची अट त्या व्याख्येत नाही.

कोणी टीसीवरून अडवलं तर भांडत बसू नका. प्रवेशाचा अर्ज द्या, पोच घ्या, आणि नकार असेल तर लेखी मागा, एक प्रत एडीईआयना, म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुक्याच्या निरीक्षकांना, पाठवतो म्हणून सांगा. लेखी मागितला की नकार सहसा येतच नाही. आमच्या हेड टीचरनीही दिला नव्हता, पेन शोधता शोधता त्यांनी प्रवेश रजिस्टरच उघडलं.