सुधारणा नोटिशीची पूर्तता दिली, तरी नोंदीत दिसत नाही? आधी क्रमांक बघा

सुधारणा नोटिशीतले (तपासणीत सापडलेल्या त्रुटी ठरावीक मुदतीत दूर करा, असं सांगणारी नोटीस) सगळे मुद्दे पूर्ण करून पत्र दिलं, तरी अन्न व औषध प्रशासनाच्या नोंदीत पूर्तता नाही आणि आता परवाना निलंबनाची भाषा सुरू झाली, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या किचनचंही अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी वकील नाही, एवढं लक्षात असू द्या.

नोटिशीवरचा १४ अंकी क्रमांक आणि तुमच्या पत्रावरचा क्रमांक शेजारी ठेवून बघा. पहिला अंक २ म्हणजे नोंदणी, १ म्हणजे परवाना. उलाढाल वाढून नोंदणीवरून परवान्यावर गेलं की क्रमांकच बदलतो. तपासणी जुन्यावर आणि पूर्तता नव्यावर गेली, की दोन कागदांची गाठच पडत नाही. आमच्या वेळी त्या कार्यालयाने (नाव घेत नाही) पत्रावर शिक्का मारला आणि ते नव्या फाईलला लावलं. जुनी फाईल 'पूर्तता अप्राप्त' म्हणून पुढे गेली. पोच दाखवली तरी उत्तर एकच, 'सिस्टिमला दिसत नाही'. यांची नोंद चुकली तर धंदा आपला बंद राहतो, याचा संताप येतोच.

नुसत्या शिक्क्यावर थांबू नका. आवक क्रमांक आणि तारीख लिहून घ्याच. विषयाच्या ओळीत नोटिशीचा जावक क्रमांक, तिची तारीख आणि दोन्ही १४ अंकी क्रमांक टाका. उत्तर नोटिशीतल्या मुद्द्यांच्या क्रमानेच द्या: मुद्दा ३ गटाराची जाळी असेल तर पत्रातही ३ वर जाळीच, सोबत बिल आणि तारखेसह फोटो. 'सर्व त्रुटी दूर केल्या' या एका ओळीवरून कोणीच नोंद बंद करत नाही. पत्र सहायक आयुक्त (अन्न) यांच्या नावे द्या, फेरतपासणी लेखी मागा आणि अन्न सुरक्षा अधिकारी येऊन गेले की अहवालाची प्रत घ्या.

अपिलाची मुदत मात्र हातची घालवू नका. अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे नोटिशीविरुद्ध अन्न सुरक्षा आयुक्तांकडे १५ दिवस किंवा नोटिशीतली मुदत, यातलं जे आधी संपेल तोवरच जाता येतं. ती टळली असेल आणि निलंबनाचा आदेश हातात पडला, तर त्यावर वेगळं अपील आहे, तेही १५ दिवसांत. इथे वकील गाठाच.

फाईलमध्ये काय आहे हे कळत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून नुसत्या प्रती नव्हे, अभिलेखाची पाहणी मागा. आवक रजिस्टरचं ते पानही मागा. माझ्या मते चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते.

जाता जाता: पाण्याचा तपासणी अहवाल आणि कामगारांचे वैद्यकीय दाखले यांवरचा पत्ता परवान्यावरच्या पत्त्याशी गाळा क्रमांकासकट जुळवून घ्या.