डबे फेकलेत ते बरं नाही केलंत

नमस्कार. लेकीला नीटला 341 पडले, आता लातूरला रिपीटला टाकू की इथेच पुण्यात क्लास लावू, असं विचारलंय तुम्ही. खरं सांगू का, मला मार्कांचं टेन्शन नाही आलं, पत्रातल्या एका ओळीचं आलं. "गाजर गवतावरचे किडे श्रीखंडाच्या डब्यात भरून त्यांना कुंडीतल्या सूर्यफुलाची पानं घालत बसायची, वहीत लिहायची, शेवटी सगळं कचऱ्यात टाकलं." अहो, वही पण टाकलीत का? नसेल टाकली तर आधी ती शोधा. आणि पत्रभर "आम्ही ठरवलंय", "आमचं स्वप्न", तिच्याबद्दल काय तर "हट्टी आहे". बस, एवढंच.

तण आटोक्यात आणायला ते खाणारा किडा सोडायचा, हे एक शास्त्रच आहे. तुम्ही म्हणता, किडा सोडायचा, तो तण खातो, यात शिकायचं काय. इथेच सगळे चुकतात. तण खातो की नाही हे बघणं सोपं, खरं काम म्हणजे तो आणखी काय काय खाईल ते बघणं, तणाच्या भाऊबंदांपासून सुरुवात करून लांबच्या झाडांपर्यंत एकेक पान त्याच्यापुढे ठेवायचं, दुसरं काही द्यायचं नाही, मग तो खातो की उपाशी मरतो, अंडी घालतो का, पिल्लं जगतात का, महिनोन्महिने हेच. आपल्या टेकड्यांवर माजलीय ना ती घाणेरी, तिच्यासाठी 1941 मध्ये ऑस्ट्रेलियातून एक बारीक ढेकूण आणला होता, टेस्टमध्ये तो सागाची फुलंही खातो असं दिसलं म्हणून पाळलेले सगळे मारले, पण काही निसटलेच. युगांडात तर तो घाणेरीशेजारच्या तिळावर गेला.

आणि लेकीच्या डब्यातला तो भुंगेरा, तो 1983 मध्ये मेक्सिकोहून बंगळुरूला आणलेला, टेस्ट करून 1984 ला सोडला, पुढे काही वर्षांनी सूर्यफुलावर दिसला आणि एकच बोंब झाली. शोधलं तर पानांवर गाजर गवताचे परागकण पडलेले, त्यांच्यामुळे तो खात होता, नुसत्या सूर्यफुलावर त्याची पिढी चालत नाही. हे सोडवायला शास्त्रज्ञ लागले, आणि तुमची मुलगी गॅलरीत तोच प्रश्न घेऊन बसली होती. पानं धुऊन घालायचीस की तशीच, एवढं तिला आज जेवताना विचारा. बघा कशी बोलायला लागते.

रस्ता काही अवघड नाही, सीईटीवरून बी.एस्सी. ॲग्री, नाहीतर फर्ग्युसनला झूलॉजी, मग एंटोमॉलॉजीत, म्हणजे कीटकशास्त्रात, एम.एस्सी. आणि पीएचडी. नोकऱ्या कमी आहेत, खोटं नाही सांगत, नीट पगार सुरू व्हायला तिशी उजाडते. पण एमडी होईपर्यंत डॉक्टरांचीही उजाडतेच की.

रिपीटचं राहू द्या आत्ता. पुढचं पत्र तिला लिहू द्या, मधे तुम्ही नको. आणि दोन डबे धुऊन ठेवा, पाऊस सुरू झालाय, भुंगेरे येतीलच. फक्त ग्लोव्ह्ज घालायला सांगा, गाजर गवताने अंगाला फार खाज सुटते.