विचारा बिनधास्त: मैत्रीण गळाली, एकटीने फेस्टिव्हलला जाऊ का?

प्रश्न: ताई, मी कुडाळची, वय २३. मुंबईच्या लोलापलूझा म्युझिक फेस्टिव्हलचं दोन दिवसांचं तिकीट मी आणि मैत्रिणीने मिळून काढलेलं, आता तिला सुट्टीच मिळत नाहीये. पैसे तर गेलेत. एकटीने जाऊ का? आणि खरं सांगायचं तर यादीतले अर्धे बँड मी ऐकलेलेच नाहीत, नुसती मान डोलवत उभी राहिले तर लोक हसतील का असं पण वाटतं. आई एकच विचारते, "ह्यां कसलां गो गाणां, जेका दोन दिवस लागतत?"

उत्तर: जा गं. आणि मान डोलवायला कोणी परीक्षा घेत नाही तिथे.

पण आधी गाडीचं बघ, बाकी सगळं नंतर. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, शनिवार-रविवार धरून कोकणातल्या गाड्या कशा भरतात हे तुला मी काय सांगू. शुक्रवारी रात्रीची तुतारी नाहीतर कोकणकन्या पकडलीस की शनिवारी सकाळी दादर, तिथून स्लो लोकलने लोअर परळच्या पुढचं स्टेशन महालक्ष्मी, फेस्टिव्हल असतं ते रेसकोर्स तिथून चालत. परतीची मात्र गोची आहे. तुतारी दादरहून रात्री १२ वाजून गेल्यावर सुटते, म्हणजे रविवारी रात्री कार्यक्रम संपवून निघणार असलीस तर तिकीट सोमवारच्या तारखेचं काढायचं. माझ्या एका मावसभावाने रविवारचंच काढलेलं, गाडी आदल्या रात्रीच निघून गेली आणि हा प्लॅटफॉर्मवर टीसीशी भांडतोय. आणि मोठी सॅक आत सोडत नाहीत, ती लालबाग-परळला जी कोण काकी-आत्या असेल (कुडाळच्या माणसाची असतेच) तिच्याकडे टाक, रात्री झोपायलाही तिच्याकडेच जा.

आता बँड ऐकलेले नाहीत त्याचं. पुण्यात २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर नावाचं असंच म्युझिक फेस्टिव्हल सुरू झालं, त्याच्या सुरुवातीच्या एका वर्षी मी गेलेले, हातात वेळापत्रक, पेनाने गोल केलेले नऊ बँड, पायात नवेकोरे बूट. या स्टेजवर तीन गाणी ऐकायची की पळ त्या स्टेजकडे, तिथे पोचेपर्यंत त्यांचं शेवटचं गाणं चालू. नऊपैकी एकही धड पूर्ण ऐकला नाही आणि संध्याकाळी टाचेला हा एवढा फोड. दुसऱ्या दिवशी लंगडतच गेले, चालवेना म्हणून दुपारी तीनला एका लहान स्टेजसमोर बसून राहिले. समोर तीसेक माणसं असतील, ऊन डोक्यावर, पोरगं बेस गिटार लावतंय, तार जुळत नाही म्हणून स्वतःशीच हसतंय. नाव पण माहीत नव्हतं त्या बँडचं. त्या दोन दिवसांतलं आज काही आठवत असेल तर तेवढा पाऊण तास. म्हणून सांगते, दिवसाला दोनच बँड पक्के ठरव आणि बाकी वेळ आंगणेवाडीच्या जत्रेत फिरतो तसं फिर, कुठे पाय थांबला तिथे बस. आणि बूट जुने घाल.

आईला काय सांगायचं? सांग, हे अल्टरनेटिव्ह गाण्यांचं फेस्टिव्हल, आणि अल्टरनेटिव्ह म्हणजे मुळात रेडिओवर जे लावत नव्हते ते, मोठ्या कंपन्यांच्या साच्याबाहेरचं. लोलापलूझा १९९१ ला अमेरिकेत पेरी फॅरेल नावाच्या गायकाने सुरू केलं ते त्याच्या बँडची शेवटची टूर म्हणून, निरोप समारंभच म्हण, आणि तो अजून संपला नाहीये. मुंबईत २०२३ पासून आलं, पहिल्या वर्षी इमॅजिन ड्रॅगन्स आणि द स्ट्रोक्स हे परदेशी बँड होते, पण आपला गायक प्रतीक कुहाड आणि रॅपर डिवाइन पण होते, म्हणजे आता 'अल्टरनेटिव्ह' वगैरे नावापुरतंच, सगळंच असतं. आणि रात्री दहाला बंद होतं, कारण उघड्यावर लाऊडस्पीकरला दहानंतर कायद्याने बंदी. आईला विचार, दशावतार बघायला ती घरून किती वाजता निघायची आणि परत कधी यायची.

हसणं सोड, एक गोष्ट मात्र सीरियसली घे, कान. ८५ डेसिबल आवाज कानाला दिवसाला आठ तास चालतो, पण पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते, १०० ला फक्त १५ मिनिटं उरतात, आणि स्टेजपुढे आवाज सहज तेवढा असतो. मेडिकलमध्ये फोमचे बोळे मिळतात, स्वस्त असतात, घाल आणि स्पीकरच्या भिंतीपासून लांब उभी राहा. गर्दीत मोबाइलला रेंज नसते, यूपीआय गोल गोल फिरत बसतं, म्हणून आत खाण्यापिण्याचे पैसे ज्यातून कटतात त्या हातातल्या पट्ट्याचं रिचार्ज आदल्या दिवशीच घरच्या वायफायवर करून टाक. आणि आईला आधीच सांगून ठेव की फोन लागला नाही तरी घाबरू नको, साडेदहाला महालक्ष्मी स्टेशनवरून करते. मग साडेदहाला खरंच कर.

प्रश्न: आम्ही दापोलीकडची पाच-सहा मुलं, दोघं गिटार वाजवतात. डिसेंबरात आमच्या बीचवर असाच छोटा फेस्टिव्हल करायचा म्हणतोय, लायटिंग वगैरे एकदम भारी. करू का?

उत्तर: करा, पण वाळूवर नको आणि डिसेंबरात तर अजिबात नको. तुमच्याच बाजूला आंजर्ले, वेळास, नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडली कासविणी रात्री अंडी घालायला वर येतात. किनाऱ्यावर झगमगाट दिसला की मागे फिरतात, आणि पिल्लं बाहेर पडली की उजेडाकडे चालत सुटतात, समुद्र सोडून तुमच्या स्टेजकडे. शिवाय भरतीरेषेजवळ काही उभारायचं तर सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांची, भानगड आहेच. त्यापेक्षा आतल्या अंगाला एखादी आंब्याची बाग बघा, मालक ओळखीतला हवा, मोहोर यायच्या आधी उरका नाहीतर तो तुम्हाला गिटारीसकट हाकलेल. ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणं दोन्हीकडे लेखी अर्ज द्या. जनरेटर मात्र भाड्याने दोन सांगा, एक ऐन वेळी बंद पडतोच.