व्हिएतनामला टूर कंपनीशिवाय स्वस्तात जायचं तर पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही?

तुमचा प्रश्न असा की तुम्ही दोघं मित्र जळगावचे, पासपोर्ट नवे कोरे, टूरवाल्याचा आकडा ऐकून नको वाटलं, आणि आता आपलं आपणच व्हिएतनामला जायचं म्हणताय तर कमी पैशात कसं जमेल आणि फसायच्या जागा कोणत्या. जमतं भाऊ, आरामात जमतं. मी अमळनेरचा, तिकडे असाच पाठीवर सॅक टाकून फिरलोय आणि आता गावातलं, नात्यातलं कुणी निघालं की त्यांचे कागद बघून देतो. त्यातून एक गोष्ट पक्की कळलीय, आपली माणसं जिथे वाचवायला नको तिथे वाचवतात म्हणजे व्हिसा, इन्शुरन्स, लायसन, आणि जिथे सहज वाचतं म्हणजे जेवण, गाडी, राहणं, तिथे घाबरून जास्तीचे देऊन बसतात.

आधी व्हिसा. ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, एकदा आत जायचा २५ डॉलर, पुन्हा पुन्हा ये-जा करायचा ५० डॉलर, आणि ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. साइट सरकारी आहे का ते शेवट बघून ओळखायचं, पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट व्हीएन पाहिजे, कारण सर्च केलं की वर ज्या येतात त्यातल्या बऱ्याच एजंटच्या असतात, दिसायला अगदी सरकारी वाटतात आणि दुप्पट तिप्पट फी घेतात. आता आपल्याकडचा खरा घोळ नावाचा. आपल्या लोकांचं स्पेलिंग शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं दोन्ही नावं असतील तर व्हिसाच्या फॉर्मवर दोन्ही टाका आणि विमानाच्या तिकिटावरही तसंच. एक अक्षर चुकलं तरी मुंबईलाच काउंटरवर अडवू शकतात, आणि भरलेली फी परत मिळत नाही, नवा अर्ज नवी फी. म्हणून सबमिट करायच्या आधी एकाने पासपोर्ट मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने स्क्रीन बघायची, पाच मिनिटांचं काम आहे. अजून एक, मधेच कंबोडियाला अंगकोर वाट बघून परत व्हिएतनाममध्ये यायचा बेत असेल तर ५० डॉलरवालाच घ्या, नाहीतर परत येताना नवा व्हिसा काढावा लागेल.

कधी जायचं हे पण पैशाशीच जोडलेलं आहे आणि यावर कुणी नीट बोलत नाही. आपण निघतो दिवाळीच्या सुट्टीत, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे मध्य व्हिएतनाममध्ये धो धो पावसाचा काळ, होई आनच्या जुन्या गावात नदीचं पाणी रस्त्यावर येतं, लोक होडीने फिरतात. देश उभा लांबलचक आहे त्यामुळे एकाच दिवशी तीन हवामानं असतात. दिवाळीत जायचं तर उत्तरेकडे जा, हनोई, निन्ह बिन्ह, हा लाँग, तेव्हा तिकडे मस्त हवा असते. डिसेंबर-जानेवारीत दक्षिण चांगली, पण हनोईला तेव्हा स्वेटर लागतो आणि आभाळ भरलेलं राहतं. होई आन बघायचंच असेल तर फेब्रुवारी शेवट ते एप्रिल उत्तम. आणि तेत म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, ते जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीतरी येतं, तो आठवडा टाळा, सगळा देश गावाकडे निघालेला असतो, रेल्वे फुल्ल, दुकानं बंद, जे उघडं आहे त्याचे भाव वाढलेले.

सामान. स्वस्त विमानात हातातली बॅग सात किलो म्हणजे सातच, तिथे काट्यावर ठेवून बघतात आणि जास्तीचं वजन विमानतळावर विकत घेतलं तर ते घरी बसून घेतल्यापेक्षा फार महाग पडतं. आपल्या घरून तर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू, केळी वेफर्स सगळं बांधून देतातच, माय ऐकतच नाही. तर लाल तिखट आणि मसाले हातातल्या बॅगेत चालत नाहीत, लोणच्याचं तेल वगैरे तर नाहीच, ते चेक-इनमध्ये म्हणजे काउंटरवर जमा करायच्या बॅगेत टाका. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्याच बॅगेत. आणि घरच्या काळ्या मसाल्यात खसखस घातली असेल आणि तुमचं विमान दुबई किंवा सिंगापूरवरून असेल तर तो मसाला घरीच ठेवा, खसखस तिकडे अंमली पदार्थात मोजतात, हे मस्करीत घेऊ नका.

पैशांचं. त्यांचं चलन डोंग, साधारण ३०० डोंग म्हणजे आपला एक रुपया. दुकानात ५० म्हणाले म्हणजे ५० हजार डोंग, म्हणजे १६५ रुपयाच्या आसपास. मागची तीन शून्यं सोडायची, तीनने गुणायचं, वर थोडं टाकायचं, दोन दिवसात जमतं. खरी गफलत नोटांची होते. २० हजाराची नोट निळी आणि ५ लाखाची पण निळसर, दोन्हीवर हो चि मिन्ह यांचा फोटो, आणि रात्री रिक्षाच्या किंवा हातगाडीच्या उजेडात माणूस २० हजार समजून ५ लाखाची देऊन बसतो, म्हणजे ६५ रुपयाच्या जागी साडेसोळाशे गेले. ५ लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा, पाकिटात ठेवूच नका, आणि देताना आकडा वाचून द्या, रंग बघून नको.

रुपये नेऊन उपयोग नाही, डॉलर न्या, थोडेच, पण करकरीत, दुमडलेली किंवा पेनाची रेघ असलेली नोट ते घेत नाहीत किंवा कमी भाव देतात. तिकडे सोन्याच्या दुकानात पण डॉलर बदलून मिळतात. आपण जळगावची माणसं, सराफावर पटकन विश्वास बसतो आपला, पण तिथे परवाना असलेल्या दुकानातच बदलायचं. २०१८ मध्ये कॅन थो शहरात एका माणसाने १०० डॉलर बिनपरवाना सोन्याच्या दुकानात बदलले म्हणून त्याला ९ कोटी डोंग दंड लावला होता, तिकडे ती बातमी फार गाजली. बँक नाहीतर परवान्याचा बोर्ड असलेलं दुकान, बस. बाकी एटीएमवर काम चालतं, फक्त निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा इंटरनॅशनल वापर चालू करा, २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरापुरतंच चालू असतं, हे तिथे एटीएमसमोर उभं राहून कळलं तर अवघड होतं. आणि एटीएम विचारतं की आम्ही रुपयात कन्व्हर्ट करून देऊ का, स्क्रीनवर रुपयाचा आकडा बघून बरं वाटतं, पण नाही म्हणायचं, डोंगमध्येच काढायचं, कारण तो रेट त्यांच्या सोयीचा असतो. ओटीपी ज्या सिमवर येतात त्याचं रोमिंग भारतातूनच चालू करून जा. ग्रॅब म्हणजे तिकडचं ओला-उबरसारखं गाडी बोलवायचं ॲप, ते पण इथेच डाउनलोड करून आपल्या नंबरवर रजिस्टर करून ठेवा, कार्ड जोडायची गरज नाही, ड्रायव्हरला कॅश चालते.

हनोईला उतरल्यावर पहिला तास सगळ्यात महागाचा. बाहेर आल्याबरोबर माणसं येतात टॅक्सी टॅक्सी करत, बस बंद आहे म्हणून पण सांगतात. ८६ नंबरची बस असते, ४५ हजार डोंग, म्हणजे दीडशे रुपये, थेट जुन्या शहरापर्यंत आणि पुढे रेल्वे स्टेशनला. रात्री उशिरा उतरत असाल तर ग्रॅब बोलवा आणि गाडीचा नंबर ॲपशी ताडून मगच बसा, ग्रॅबवाल्यांसारखं हिरवं जॅकेट घालून कुणीही उभा राहू शकतो.

आता जेवण, कारण तुम्ही लिहिलंय की एक जण शुद्ध शाकाहारी आहे आणि त्याच्या घरचे काळजीत आहेत. त्यांना सांगा की उपाशी राहणार नाही. पण 'व्हेज' म्हणून भागत नाही, भाजी म्हणून जे पुढे येतं त्यात पण माशाचा रस असतो, नूक माम म्हणतात त्याला, तो तिथे मिठासारखा वापरतात. फो म्हणजे त्यांचं नूडल्सचं सूप, त्यात वरून मांस काढलं तरी पाणी हाडाचंच असतं. त्यापेक्षा पाटी शोधायची, सी एच ए वाय अशी अक्षरं, ही बौद्ध शाकाहारी खानावळ. मॅपवर तेवढंच टाका, जवळपास दोन चार तरी दिसतात, आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तर तिथे स्थानिक लोकांचीच रांग असते कारण त्या दिवशी बरेच जण मांसाहार करत नाहीत. यातल्या बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूण पण घालत नाहीत, म्हणजे तुमच्यासोबत कुणी जैन मित्र असला तरी त्याचं भागेल, तरी अंड्याचं आणि कंदमुळांचं एकदा विचारून घ्यायचं.

ह्वे शहरात अशा एका खानावळीत मी रोज जायचो. बाहेर प्लॅस्टिकच्या बुटक्या खुर्च्या, आत काचेच्या कपाटात दहा बारा ट्रे, मावशी भाताची ताटली हातात घेऊन उभी, आपण बोट दाखवायचं, टोमॅटोतलं टोफू, तळलेलं मशरूम, पालकासारखी एक भाजी, कच्च्या फणसाची भाजी, ती वाढत जाते, भाषा लागतच नाही. आणि टेबलावर एका डब्यात शेंगदाणे, तीळ आणि मीठ भाजून कुटलेलं, भातावर घालून खायचं. आपली शेंगदाण्याची कोरडी चटणीच, फक्त लसूण-तिखट नाही. मी तर घरून नेलेलं तिखट त्यात मिसळून द्यायचो आणि मावशी बघत राहायची, मग एक दिवस तिने पण चिमूटभर मागून घेतलं. पोटभर जेवण ३०-४० हजारात, म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये. इंडियन रेस्टॉरंटमध्ये एवढ्या पैशात एक डाळ पण येत नाही, म्हणून म्हणतो, तिकडे जाऊन पनीर शोधत बसू नका. एक बारीक गोष्ट, टेबलावर ओल्या रुमालाचं पाकीट ठेवलेलं असतं, काही ठिकाणी शेंगदाण्याची बशी पण, ते फुकट नसतं, फोडलं की बिलात येतं. रक्कम किरकोळ आहे, पण माहीत असलेलं बरं.

स्कूटरबद्दल जरा कडक बोलतो. सगळे व्हिडिओवाले सांगतात भाड्याने घ्या, दिवसाला पाचशे-सहाशे रुपयात मिळते, मस्त फिरा. दुकानदार लायसन विचारत पण नाही. पण आपलं आरटीओ जे इंटरनॅशनल परमिट देतं ते १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचं असतं, आणि व्हिएतनाम मानतं ते १९६८ च्या व्हिएन्ना कराराचं. म्हणजे परमिट खिशात असूनही कायद्याने तुम्ही तिथे विनालायसनच. पोलिसांचा दंड ही छोटी बाब झाली, खरी भीती अशी की पडलात, हाड मोडलं, तर इन्शुरन्स कंपनी लायसन मागते आणि क्लेम नाकारते, मग दवाखान्याचं बिल घरून पैसे मागवून भरायचं. त्यात गाड्या उजवीकडून चालतात, आपल्या हाताला सवय डावीची. घाटात वळणावर समोरून ट्रक आला की माणूस सवयीने चुकीच्या बाजूला ओढतो. दोघंही घरचे कर्ते असाल तर हे करू नका, मी कुणालाच करू देत नाही. निन्ह बिन्हला आणि होई आनला राहायच्या ठिकाणी सायकल मिळते, बऱ्याचदा फुकट, भाताच्या शेतांमधून डोंगरांच्या पायथ्याने जायला तिच्यासारखं काही नाही. लांब जायचं असेल तर स्थानिक माणसाच्या मागे बसून जा, पैसे थोडे जास्त जातील तर जाऊ दे. आणि पासपोर्ट कुणाकडे गहाण म्हणून ठेवू नका, हॉटेलवाला नोंदणीसाठी घेतो ते ठीक, पण नोंद झाली की लगेच परत मागून घ्या.

लांबच्या प्रवासाला स्लीपर बस स्वस्त आहेत पण मी रेल्वेच्या बाजूने आहे. आपण भुसावळ जंक्शनच्या परिसरातली माणसं, रात्रीच्या गाडीत झोप लागते आपल्याला. हनोई ते सायगाव म्हणजे दक्षिणेतलं हो चि मिन्ह सिटी, १७२६ किलोमीटरची लाइन, मीटर गेज, वेग बेताचा, पण रात्रीची गाडी धरली की एका रात्रीचं हॉटेल वाचतं. सहा बर्थचा डबा चार बर्थपेक्षा स्वस्त, फक्त सगळ्यात वरचा बर्थ घेऊ नका, उठून बसता पण येत नाही. ह्वे ते दा नांग हा तुकडा मात्र दिवसाच करा, अडीच-तीन तासाचा, हाय व्हान घाटात गाडी समुद्राच्या अगदी कडेने जाते. दा नांगकडे जाताना डाव्या हाताच्या खिडकीला बसा, समुद्र त्या बाजूला आहे.

आणि होई आनला गेलात तर 'मी सॉन' नावाचं ठिकाण चुकवू नका, तिथून साधारण ४० किलोमीटर. चाम म्हणजे तिथे पूर्वी राज्य करणारे लोक, त्यांच्या राजांनी बांधलेली शिवमंदिरं आहेत, चौथ्या शतकापासूनची, विटांची, जंगलात. आपल्या पुरातत्व खात्याने तिथे दुरुस्तीचं काम केलंय आणि २०२० मध्ये त्या कामात एकसंध दगडाचं शिवलिंग मिळालं. तिकीट दीड लाख डोंग, म्हणजे पाचशे रुपये. अर्ध्या दिवसाची शेअर बस मिळते, सकाळची पहिली घ्या, दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतं. तुमच्या तारखा ठरल्या की सांगा, दिवाळीच असेल तर हा भाग सोडून उत्तरेचं काय करायचं ते लिहितो.