शिक्का आहे, पण कशाचा? शेतमालाच्या सर्टिफिकेटांबद्दल वाचकांचे प्रश्न

शेतमालाच्या क्वालिटीची सर्टिफिकेटं, लोगो, टॅग यावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर शेतकऱ्यांचे आणि घेणाऱ्यांचे, दोन्हीकडचे आले. सगळे इथे मावणार नाहीत, पाच घेतलेत.

प्रश्न : दरवर्षी एप्रिलात आम्ही दोन पेट्या हापूस घेतो. यंदा पेटीवर मोठ्ठं 'देवगड' छापलेलं होतं, विकणारा म्हणाला, "ताई, जीआय आहे, डोळे झाकून घ्या." आंबा घरी पिकला पण वासच नाही, आणि आतून पांढरट. जीआय असून असं कसं? (वाचक, कोथरूड)

ताई, पेटीवर काय छापलंय त्यावर अजिबात जाऊ नका. कोरी पेटी आणि त्यावर हवं ते नाव कोणालाही छापून मिळतं, आणि सीझनला कर्नाटकातून येणारा आंबा अशाच पेट्यांत भरून विकला जातो ही काही लपलेली गोष्ट नाही. दिसायला तो इतका सारखा असतो की भले भले फसतात.

आता जीआय म्हणजे काय ते. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, माल अमुक भागातलाच आहे याची सरकारी नोंद. हापूसला ते मिळालं ऑक्टोबर २०१८ मध्ये, ते पाच जिल्ह्यांसाठी आहे : रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर. पण या जिल्ह्यांत बाग आहे म्हणून टॅग आपोआप लावता येतो असं नाही, बागायतदाराला किंवा विक्रेत्याला चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीत 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नाव नोंदवावं लागतं. म्हणून पुढच्या वेळी सरळ विचारा की अधिकृत वापरकर्त्याचं नाव आणि नंबर काय, फळावर किंवा पेटीवर क्यूआर कोड असेल तर दुकानातच स्कॅन करा, आणि त्यातून बागायतदाराचं नाव, गाव निघतंय का बघा. कोड नुसताच विकणाऱ्याच्या जाहिरातीच्या पानावर जात असेल तर तो काही कामाचा नाही. आणि पक्की पावती घ्या, त्यावर 'देवगड हापूस' असं लिहून घ्या, लिहायची वेळ आली की बरेच जण मागे सरतात.

अजून एक, जीआय फक्त आंबा कुठला ते सांगतो. आंबा झाडावरून कोवळा उतरवला का, कशाने पिकवला, हे जीआय सांगत नाही. खरा देवगडचा आंबासुद्धा लवकर दर मिळावा म्हणून कोवळा काढला तर तुम्ही लिहिलंय तसाच निघणार. कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, इथिलीन गॅसला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे, पण सगळ्यात चांगलं म्हणजे कच्ची पेटी घेऊन घरीच अढी घाला.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात दोन एकर थॉमसन आहे. प्लॉट एक्स्पोर्टसाठी रजिस्टर केलाय, लॅबचा रिपोर्टही काढणार आहे. आता एक्स्पोर्टर म्हणतो ग्लोबलगॅप पण पाहिजे आणि खर्च तुमचा. सरकारी नोंदणी झाल्यावर हे दुसरं कशाला? मला तर पैसे काढायचा धंदा वाटतो. (द्राक्ष बागायतदार)

दादा, राग समजतो. पण तुमच्या दारात तीन वेगवेगळी माणसं तीन वेगवेगळी उत्तरं मागायला उभी आहेत, ती एकत्र धरली की सगळाच गोंधळ वाटतो.

पहिलं, प्लॉटची नोंदणी. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीडनाशकाचे अंश सापडले आणि एकदम हलकल्लोळ झाला, त्यानंतर अपेडाने, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, २००६ मध्ये ग्रेपनेट ही द्राक्ष प्लॉटच्या नोंदणीची व्यवस्था आणली. त्यामुळे तुमच्या प्लॉटला नंबर मिळतो आणि रॉटरडॅमला उतरलेला बॉक्ससुद्धा दिंडोरीच्या कुठल्या वावरातून निघाला ते शोधता येतं. नोंदणीचं काम एवढंच, माल चांगला आहे असं ती म्हणत नाही.

दुसरं, लॅबचा एमआरएल रिपोर्ट, एमआरएल म्हणजे मालात औषधाचा जास्तीत जास्त किती अंश चालतो ती मर्यादा. लॅबचा माणूस तुमच्या प्लॉटमधून सॅम्पल काढतो आणि त्या सॅम्पलमध्ये ठरलेल्या यादीतली औषधं किती सापडली ते लिहून देतो. इथे दोन गोष्टी नीट ध्यानात घ्या. रिपोर्ट त्या दिवशीच्या सॅम्पलचा आहे, सॅम्पल गेल्यावर भुरी (बुरशीचा रोग) दिसली म्हणून तुम्ही एक स्प्रे मारला तर हातातला कागद त्या मालाचा राहिलाच नाही. आणि लॅब यादीत आहे तेच शोधते. २०१० चा सीझन आठवत असेल, लिहोसिन म्हणजे सीसीसी आपल्याकडे वाढ रोखायला सर्रास मारायचे, ते तेव्हा इथल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं, रिपोर्ट सगळे पास, आणि माल युरोपात गेल्यावर तिकडच्या लॅबमध्ये नेमकं तेच सापडलं. कंटेनर अडकले, पैसे अडकले, कितीतरी बागायतदार त्यात पार मोडून गेले. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेलीच नाही त्याला युरोपात सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम लावतात, म्हणजे जवळजवळ काहीच नको. म्हणून दुकानदार 'घेऊन जा, रिझल्ट भारी आहे' म्हणाला तरी बाटलीवरचं टेक्निकल नाव अ‍ॅनेक्शर पाचमध्ये, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांना चालणाऱ्या औषधांच्या यादीत, आहे का आणि त्याचा पीएचआय, म्हणजे शेवटच्या फवाऱ्यानंतर तोडणीपर्यंत थांबायचा काळ, किती दिवसांचा आहे हे बघितल्याशिवाय टाकीत ओतू नका.

तिसरं हे ग्लोबलगॅप. हे सरकारी नाहीच. युरोपातल्या मोठ्या दुकानवाल्यांनी १९९७ मध्ये युरेपगॅप नावाने सुरू केलं, २००७ मध्ये नाव बदललं. त्यात द्राक्ष गोड आहे का हे कोणी विचारत नाही, तुम्ही शेती कशी करता ते विचारतात : औषधाची खोली कुलूपबंद आहे का, रिकाम्या बाटल्यांचं काय करता, फवारणाऱ्या माणसाला मास्क आणि हातमोजे दिले का, तोडणीच्या बायकांना हात धुवायला पाणी आणि जवळ संडास आहे का, पाण्याची तपासणी केली का, प्रत्येक स्प्रेची तारीख, डोस, कोणी मारला याची नोंद आहे का. मला तरी यात वावगं काही दिसत नाही. तोडणीला येणाऱ्या बायकांसाठी संडास असावा हे कोणी परदेशातून येऊन सांगायची वेळ येऊ नये.

खर्चाचं मात्र नीट बघा. एकट्याने सर्टिफिकेट काढणं दोन एकराला जड जातं, म्हणून गटाने काढायची सोय आहे, तिला ऑप्शन दोन म्हणतात. पण अशा वेळी सर्टिफिकेट गटाच्या किंवा एक्स्पोर्टरच्या नावावर असतं, तुमच्या नाही! खर्च तुमचा आणि सर्टिफिकेट त्याचं असं झालं तर पुढच्या वर्षी दुसऱ्या व्यापाऱ्याने चार रुपये जास्त दिले तरी त्या सर्टिफिकेटवर तुम्हाला माल देता येणार नाही. पैसे देण्याआधी हे लेखी विचारा, कोणाच्या नावावर, कोण किती भरणार, दर वर्षी ऑडिटचा खर्च कोणाचा. शक्य असेल तर गावातल्याच बागायतदारांचा गट किंवा तुमची उत्पादक कंपनी करून तिच्या नावावर काढा.

प्रश्न : बचत गटातल्या आम्ही नऊ जणी तूर आणि हळद रसायन न वापरता करतो. एक जण म्हणतो पंधरा दिवसांत ऑरगॅनिक सर्टिफिकेट काढून देतो, माणशी पैसे द्या. देऊ का? (यवतमाळ जिल्हा)

नाही ताई, एक रुपयासुद्धा देऊ नका.

एनपीओपीचं, म्हणजे अपेडाकडच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं सर्टिफिकेट पंधरा दिवसांत होऊच शकत नाही, कारण जमिनीला रूपांतराचा काळ, म्हणजे रसायन बंद करून ती सेंद्रिय धरली जाईपर्यंतचा काळ, लागतो : हंगामी पिकांना पेरणीआधी दोन वर्षं, फळबागेला तीन वर्षं. त्यात गटाने जायचं तर किमान पंचवीस शेतकरी लागतात आणि बाहेरची संस्था तपासायला येते, तिचा खर्च असतो. तुम्ही नऊ जणी आहात आणि माल नागपूर-पुण्यातच विकायचा असेल तर तुमच्यासाठी पीजीएस-इंडिया बरं. ही केंद्राच्या कृषी मंत्रालयाची व्यवस्था आहे, जवळपासच्या किमान पाच शेतकऱ्यांचा गट चालतो, आणि तपासणी तुम्हीच एकमेकींच्या शेताची करायची, मग वरची प्रादेशिक परिषद त्यावर मान्यता देते. रूपांतराच्या काळात 'पीजीएस ग्रीन' आणि पूर्ण झाल्यावर 'पीजीएस ऑरगॅनिक' असा शिक्का मिळतो. एक्स्पोर्टला मात्र हे चालत नाही.

एकमेकींचं शेत तपासायचं म्हणजे सोपं काम नाही हं. जावेच्या शेतात युरियाची गोणी दिसली तर ते कागदावर लिहायची हिंमत लागते, आणि सगळा शिक्का त्या हिमतीवरच उभा आहे, एकीने लपवलं तर सगळ्यांचा माल संशयात येतो. तुमच्या भागात अजून एक अडचण म्हणजे बीटी कापूस. सेंद्रिय प्लॉटवर बीटी बियाणं अजिबात चालत नाही, आणि शेजारच्या कापसावरचा फवारा वाऱ्याने तुमच्या तुरीवर येतोच, म्हणून बांधालगतचा पट्टा सोडावा लागतो आणि त्या पट्ट्यातला माल वेगळा ठेवावा लागतो. सातबारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर असेल तर गटात नोंद कोणाची होणार हेसुद्धा कृषी सहाय्यकाला आधीच विचारून घ्या. आणि आजपासून एक वही घाला : काय पेरलं, बियाणं कुठून आणलं, जीवामृत कधी टाकलं, किती पिकलं. उद्या कुठलंही सर्टिफिकेट घ्यायचं ठरलं तरी पहिल्यांदा ही वहीच मागणार आहेत.

प्रश्न : गुळाच्या पाकिटावर 'ऑरगॅनिक, केमिकल-फ्री, कोल्हापुरी, एफएसएसएआय सर्टिफाइड' असं सगळंच लिहिलंय, खाली १४ आकडी नंबरही आहे. मग विश्वास ठेवायला हरकत नाही ना? (वाचक, सांगली)

तो १४ आकडी नंबर म्हणजे एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेकडचा धंद्याचा परवाना किंवा नोंदणी. अन्नाचा धंदा करणाऱ्याला २००६ च्या कायद्याखाली तो घ्यावाच लागतो, आणि त्या पाकिटातला गूळ कोणी तपासून पास केला असा त्याचा अर्थ होत नाही. त्यामुळे 'एफएसएसएआय सर्टिफाइड' ही वाक्यरचनाच दिशाभूल करणारी आहे. 'ऑरगॅनिक' म्हणायचं तर पाकिटावर सेंद्रियचा सरकारी लोगो आणि एनपीओपी किंवा पीजीएसचा आधार दाखवता आला पाहिजे. अगदी छोट्या शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकलं तर त्याला सूट आहे, पण मग तो लोगो त्याला लावता येत नाही. 'कोल्हापुरी' हे जीआयचं काम, कोल्हापूर गुळाला २०१४ मध्ये ते मिळालंय. आणि 'केमिकल-फ्री'च्या मागे कुठलीच योजना नाही, ते कोणीही छापतं.

गुळाचं बघायचं तर रंग बघा. गुऱ्हाळात रस उकळताना मळी काढायला रानभेंडीचं पाणी घालतात ते जुनं आणि चांगलं, पण पिवळाधमक गूळ विकला जातो म्हणून वरून हायड्रॉस हे रंग उजळवणारं रसायन मारतात. दिसायला लख्ख पिवळा गूळ 'केमिकल-फ्री' म्हणून कोणी विकत असेल तर त्याच्याकडे लॅब रिपोर्ट मागा, बॅच नंबरसकट. यात चूक गुऱ्हाळवाल्याचीच आहे असं मी म्हणणार नाही, काळसर ढेपेला सौद्यात भाव पडतो आणि तो आपणच गिऱ्हाईक मिळून पाडतो.

प्रश्न : तुपाच्या डब्यावर अ‍ॅगमार्कचं लाल लेबल आहे. लाल म्हणजे नॉनव्हेज का? सासूबाई डबा परत करायला सांगतायत. (वाचक, नाशिक)

अजिबात नाही, डबा ठेवा. शाकाहारी-मांसाहारीची खूण वेगळी असते, चौकटीतली, ती डब्यावर हिरवीच असणार, सासूबाईंना दाखवा. अ‍ॅगमार्क ही १९३७ च्या कायद्याखालची प्रतवारी आहे आणि तुपात लाल लेबल म्हणजे 'स्पेशल', हिरवं म्हणजे 'जनरल'. फरक मुख्यतः फ्री फॅटी अ‍ॅसिडचा, म्हणजे तूप खवट होऊ लागलं की वाढणाऱ्या आम्लाचा : स्पेशलमध्ये ते जास्तीत जास्त १.४ टक्के चालतं, जनरलमध्ये २.५ टक्के. म्हणजे तुम्ही परत करायला निघालात तो वरच्या प्रतीचा डबा आहे. लेबलवर सीरियल नंबर छापलेला असतो, तो आहे ना तेवढं बघून घ्या.