‘अनुदार लोकशाही’ म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे : हंगेरीवरच्या एका लेखाचा अनुवाद करताना ‘इलिबरल डेमोक्रसी’ला ‘अनुदार लोकशाही’ आणि ‘डेमोग्राफिक डिक्लाइन’ला ‘लोकसंख्येचा ऱ्हास’ असे शब्द योजले आहेत, ते चालतील का? शिवाय लेखात ‘पॉप्युलेशन रिप्लेसमेंट’ असाही एक शब्द आहे, त्याला काय म्हणावे?

माझ्या मते पहिले दोन्ही शब्द बदलावेत. तिसऱ्याच्या बाबतीत तर फारच जपून राहायला हवे.

आधी ‘अनुदार’ घेऊ. मराठी वाचकाच्या मनात ‘उदार’ म्हणजे सढळ हाताचा. ‘अनुदार उद्गार’ म्हटले की कुणाविषयी तरी काढलेले कोते, अपमानकारक शब्द आठवतात. हिंदीत तर ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ‘अनुदार दल’ म्हणण्याचा प्रघात आहे (आपण त्यालाच ‘हुजूर पक्ष’ म्हणतो), त्यामुळे दोन्ही भाषा वाचणाऱ्याचा आणखी गोंधळ होईल. इथला ‘लिबरल’ हा उदारमतवादातला आहे. रानडे-गोखल्यांमुळे हा शब्द मराठीत चांगला रुजला आहे : व्यक्तीचे हक्क, कायद्याचे राज्य, सत्तेवर मर्यादा. या गोष्टींना ज्या राज्यव्यवस्थेचा विरोध आहे ती ‘उदारमतवादविरोधी’. शब्द लांब आहे, हे मान्य. पण वाचकाला तो नेमक्या जागी नेतो.

आता थोडे खोलात जातो, कारण या शब्दाच्या वापरातच एक उलथापालथ झालेली आहे आणि अनुवादात ती दिसली पाहिजे. ‘इलिबरल डेमोक्रसी’ ही संज्ञा गाजली ती फरीद झकेरिया यांच्या १९९७ सालच्या लेखामुळे. झकेरिया जन्माने मुंबईचे; औरंगाबादचे आमदार आणि राज्यात मंत्री राहिलेल्या रफिक झकेरियांचे चिरंजीव. त्यांनी हा शब्द टीका म्हणून वापरला : निवडणुका होतात, पण निवडून आलेले सरकार राज्यघटनेच्या मर्यादा जुमानत नाही, अशी लोकशाही.

त्यानंतर सतरा वर्षांनी, जुलै २०१४ मध्ये, हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान विक्तोर ओर्बान यांनी तोच शब्द अभिमानाने मिरवला. आपण हंगेरीत जे नवे राज्य उभारतो आहोत ते ‘इल्लिबेरालिश आल्लाम’ आहे, उदारमतवादी राज्य नाही, असे त्यांनी जाहीर भाषणात सांगितले. ‘आल्लाम’ म्हणजे राज्यसंस्था. म्हणजे गाजलेल्या वाक्यात ‘लोकशाही’ हा शब्दच नाही. बातम्यांमधून तो मागाहून चिकटला. लोकशाही उदारमतवादीच असली पाहिजे असे नाही, हा मुद्दा त्यांनी त्याच भाषणात वेगळा मांडला. स्वातंत्र्यासारखी मूल्ये आम्ही नाकारत नाही, फक्त त्या विचारसरणीला राज्यरचनेचा केंद्रबिंदू मानत नाही, अशी पुस्तीही जोडली. जगात ज्यांची चर्चा चालली आहे अशा देशांची उदाहरणे देताना सिंगापूर, चीन, तुर्कस्तान, रशिया यांच्या जोडीला भारताचेही नाव घेतले. तेव्हा तुमच्या लेखात ओर्बान बोलत असतील तिथे ‘उदारमतवादविरोधी राज्य’ लिहा आणि त्यांचे टीकाकार बोलत असतील तिथे ‘उदारमतवादविरोधी लोकशाही’. ‘हुकूमशाही’ मात्र दोन्हीकडे नको. सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपीय संसदेने हंगेरीला ‘निवडणुकांतून आलेली एकाधिकारशाही’ अशा अर्थाचे विशेषण लावले. तो तिचा निष्कर्ष आहे, तो तिच्या नावानेच यावा.

आता लोकसंख्या. हंगेरीची लोकसंख्या १९८० च्या सुमारास १ कोटी ७ लाखांच्या घरात होती; २०२२ च्या जनगणनेत ती ९६ लाखांवर आली. बल्गेरियाचे तर फारच वाईट झाले : १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे ९० लाख, २०२१ मध्ये ६५ लाख. जन्म कमी झाले आणि तरुण पश्चिमेकडे गेले, विशेषतः युरोपीय संघात प्रवेश मिळाल्यावर. गावेच्या गावे म्हाताऱ्यांची उरली. हे दुःख खरे आहे आणि त्या भागातले राजकारण समजून घ्यायचे तर त्याची टिंगल करून चालणार नाही.

पण ‘ऱ्हास’ हा शब्द संस्कृतीचा, नीतीचा, साम्राज्याचा असतो. त्यात निकाल आधीच लागलेला असतो. हंगेरियन भाषेत इथे ‘फोद्याश’ म्हणतात. हा शब्द ज्या क्रियापदापासून आला त्याचा अर्थ कमी होणे, आणि माणसाच्या बाबतीत वजन उतरणे, बारीक होणे. मराठीत याला तंतोतंत जुळणारे क्रियापद आहे : रोडावणे. माणूस रोडावतो, शाळेतली पटसंख्या रोडावते. ‘लोकसंख्या रोडावली’ असे लिहा. शीर्षकात नाम हवे असेल तर साधे ‘लोकसंख्येतील घट’. इतका चपखल शब्द हाताशी असताना आपण संस्कृत नामाकडे का धावतो, याचे मला नेहमी वाईट वाटते.

तिसरा शब्द सगळ्यांत अवघड. ‘पॉप्युलेशन रिप्लेसमेंट’साठी हंगेरियनमध्ये ‘नेपेश्शेगचेरे’ म्हणतात. ‘चेरे’ म्हणजे अदलाबदल. पण मराठीत ‘लोकसंख्येची अदलाबदल’ लिहिले की फाळणीच्या वेळची चर्चा किंवा १९२३ चा ग्रीस-तुर्कस्तान करार आठवतो : इकडची माणसे तिकडे, तिकडची इकडे. या राजकारणात अभिप्रेत आहे ते वेगळेच : मूळ लोकांच्या जागी बाहेरच्यांना आणून बसवले जात आहे, असा आरोप. त्यासाठी ‘सत्तापालट’च्या धर्तीवर ‘लोकसंख्यापालट’ असा शब्द मी सुचवतो. तो नेहमी अवतरणचिन्हांत आणि कोण म्हणतो आहे ते सांगूनच वापरावा. कारण लोकसंख्या रोडावणे ही मोजता येणारी गोष्ट आहे आणि ‘लोकसंख्यापालट’ हा दावा आहे. भाषणांमध्ये पहिल्यावरून दुसऱ्यावर कधी उडी मारली जाते ते ऐकणाऱ्याला कळतही नाही. हंगेरी रोडावली ती मुख्यतः कमी जन्मांमुळे, आणि काही प्रमाणात हंगेरियन लोकांच्याच जाण्यामुळे. अनुवादकाने दोन्हीकडे एकच शब्द ठेवला तर ती उडी मराठीतही लपून जाईल.

फेब्रुवारी २०१९ च्या भाषणात ओर्बान म्हणाले, की आम्हाला नुसते आकडे नकोत, हंगेरियन मुले हवीत. पाठोपाठ योजना आली : चार किंवा अधिक मुले वाढवणाऱ्या आईला २०२० पासून आयुष्यभर प्राप्तिकर माफ. जननदर (एका स्त्रीमागे सरासरी मुले) २०११ मधल्या १.२३ वरून २०२१ मध्ये १.६ च्या आसपास चढला आणि मग पुन्हा उतरू लागला. याच काळात आशियातून कामगार येतच होते, पण त्यांच्यासाठी शब्द होता ‘वेंदेगमुंकाश’, म्हणजे पाहुणा कामगार. ‘मिग्रान्श’ (स्थलांतरित) हा शब्द २०१५ नंतर तिथे जवळजवळ शिवीसारखा झाला. आपल्याकडे ‘परप्रांतीय’ कुठून कुठे गेला ते आठवा, म्हणजे कळेल. ‘मिग्रान्श’ला तुम्ही सरसकट ‘स्थलांतरित’ लिहिलेत तर मूळचा बोचरेपणा हरवेल. तिथे ‘मिग्रान्श’ तसाच ठेवून एकदा खुलासा करा.

लेखात ‘नेशन’ येत असेल तर तेही तपासा. २०१४ चे ते भाषण हंगेरीत झालेच नव्हते. ते झाले रोमानियातल्या बाइले तुश्नाद या हंगेरियन वस्तीच्या गावात. पहिल्या महायुद्धानंतर झालेल्या १९२० च्या त्रियानाँ करारात हंगेरीचा सुमारे दोन-तृतीयांश प्रदेश गेला आणि लाखो हंगेरियन सीमेपलीकडे राहिले. २०११ पासून त्यांना सहज नागरिकत्व मिळू लागले, दहा लाखांहून अधिक जणांनी ते घेतले. त्यामुळे तिथे ‘नेम्झेत’ म्हणजे राष्ट्र आणि ‘ओर्साग’ म्हणजे देश हे वेगवेगळे आकडे आहेत. दोन्हींना ‘देश’ लिहू नका.

जाता जाता उच्चार : ओर्बान यांच्या पक्षाचे नाव ‘फिदेस’, ‘फिडेझ’ नव्हे.