पोवाडे ऐकून माणसे फौजेत जात का?

प्रश्न : सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सैन्यभरतीसाठी रस्त्यावर गाणी गात, असे वाचनात आले. आपल्या पोवाड्यांनीही हे काम केले का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : केले, पण त्या रीतीने नाही. दोन्हीकडची भरतीच वेगळी होती. इंग्लंडमध्ये ढोल वाजवत फिरणाऱ्या तुकडीला बाजारात अनोळखी पोरे गाठायची असत. हातावर शिलिंग (इंग्रजी नाणे) टेकवले की मुलगा भरतीत अडकला. अठराव्या शतकात न्यायाधीशापुढे उभा राहून, घेतलेले पैसे आणि वर 20 शिलिंग दंड भरून त्याला सुटता येई. पण एवढी रक्कम मजुराच्या पोराने आणायची कुठून? तिथे गाणे छापील कागदावर पेनी-अर्ध्या पेनीला विकत, माथ्यावर चालीचे नाव असे. चाल आधीच सर्वांच्या तोंडी असल्याने गाणे लगेच पसरे.

मराठी फौजेत अनोळखी माणसाला सहसा जागा नव्हती. नव्या माणसाला आधीच चाकरीत असलेल्याचा जामीन लागे. शिलेदार स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन येई, बारगिराला पागेतले सरकारी घोडे मिळे. ही सगळी रचना ओळखीवर आणि गावकी-भावकीवर उभी होती. त्यामुळे चौकात गाऊन माणूस गोळा करण्याची गरजच कमी पडे.

सिंहगडाचा तुळशीदासाचा पोवाडा या दृष्टीने नीट ऐकावा. रायबाच्या लग्नाची तयारी चालू असताना बोलावणे येते ते तानाजींना. त्यांची माणसे त्यांच्यामागे निघतात. शाहीर शिपायाला फौजेत ये म्हणत नाही, तो सरदाराचे नाव मोठे करतो. आमच्या मते पोवाड्याची खरी ताकद इथे आहे. ज्या घराण्याचे नाव डफ-तुणतुण्यावर गावोगाव गाजते, त्या घराण्याच्या पागेत पोरगा घालायला बाप राजी होतो. खर्ड्याच्या लढाईच्या (1795) पोवाड्यांत सरदारांची नावे ओळीने येतात, ती याच हिशोबाने. नाव गाळले जाणे सरदाराला परवडणारे नव्हते, आणि शाहिराची बिदागीही त्याच्याच हातात होती.

म्हणूनच फौजेच्या आकड्यांसाठी पोवाड्यावर भिस्त ठेवू नये. तुळशीदास सिंहगडावर हजारोंची फौज चालवतो, तर शिवाजी महाराजांची बखर लिहिणारा सभासद पाचशे मावळ्यांची गोष्ट सांगतो.

प्रश्न : आमच्या घरी जुने बाड आहे. त्यातल्या एका पोवाड्यात आमच्या पूर्वजांचे नाव आहे. ते लढाईत होते याचा हा पुरावा धरावा का? (एक वाचक, बारामती)

उत्तर : एवढ्यावरून नाही. पोवाडे तोंडी चालत आले. अॅकवर्थ आणि शाळिग्राम यांचा छापील संग्रह 1891चा, म्हणजे पेशवाई बुडाल्यावर सत्तर-एक वर्षांनी निघाला. मधल्या काळात गाणारा ज्या गावात जाई, तिथल्या घराण्याचे नाव पोवाड्याच्या एखाद्या चौकात, म्हणजे कडव्यात, बसवून देई.

आधी शेवटच्या चौकातली शाहिराची नाममुद्रा पाहा. मग तुमच्या पूर्वजांच्या नावाची ओळ आसपासच्या ओळींबरोबर मोठ्याने म्हणा. तिथेच यमक मोडत असेल किंवा मात्रा सांडत असतील, तर ती मागाहून घातलेली असण्याचा संभव मोठा. त्याच पोवाड्याच्या दुसऱ्या प्रतीत ती ओळ नसली तर शंका आणखी बळावते.

पक्का पुरावा हिशेबात सापडतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात त्या मोहिमेच्या वर्षातले शिलेदारांचे तैनातजाबते (पगार-नेमणुकीच्या याद्या), हजेरीपट आणि नालबंदीचे, म्हणजे मोहिमेआधी दिलेल्या आगाऊ रकमेचे, कागद शोधा. हे काम मोडी वाचणाऱ्याशिवाय होणार नाही. जाताना नुसते आडनाव नेऊ नका. गाव, पथकाचा सरदार आणि वर्ष लिहून न्या, कारण एका आडनावाचे शिलेदार अनेक पथकांत असत.